तीनच्या आत चष्मा

प्रवेशखिडकीसमोरच्या रांगेत उभं राहून मुंगीने डबीतला चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि जग होतं त्याहून जास्त बिघडलं.

चष्म्याकडून अपेक्षा नेमकी उलटी असते. तिने काचा सदऱ्याच्या टोकाला पुसून पुन्हा लावल्या. खिडकीतला कारकून मघाशी निदान माणसाच्या आकाराचा होता, आता तो करड्या रंगाचा ढग झाला. ढग म्हणाला, "फॉर्म आणलायस की नुसती बघायला आलीस?"

"बघायचंच तर जमत नाहीये," मुंगी म्हणाली आणि हाताने चाचपत फॉर्म आत सरकवला.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. चष्मा नसला की ती वहीवर नाक टेकवून एकेका अक्षरामागे चालत जाते, म्हणून. वय सोळा, नंबर उणे चार. पहाटे अंधारात चष्म्याची डबी न उघडताच उचलून ती बसमध्ये जी झोपली, ती थेट या गावाच्या स्टँडवर उठली होती, आणि अर्धवट झोपेत, अंदाजाने कॉलेजपर्यंत आली होती. आता तिने चष्मा काढून नाकाजवळ धरला. गोल काळी फ्रेम, तिचीच. पण काचा मध्ये फुगलेल्या, एक थोडी आणि एक भिंगासारखी. या काचा तिच्या नव्हत्या. या बाबांच्या होत्या.

झालं होतं ते असं. दोन महिन्यांपूर्वी बाबा स्वतःच्या चष्म्यावर बसले. त्यांचा नंबर अधिकचा, तिचा उण्याचा. चष्म्याच्या दुकानात एका फ्रेमवर दुसरी फुकट होती, फक्त दुसरी अगदी पहिलीसारखीच घ्यावी लागे. बाबांनी दोन घेतल्या. आई तेव्हाच म्हणाली होती की एक दिवस घोळ होईल. बाबा म्हणाले होते, घोळ व्हायला आपण काय आंधळे आहोत.

फोन वाजला. बाबाच होते.

"मुंगे, घाबरू नकोस," ते घाबरलेल्या आवाजात म्हणाले. "माझे डोळे गेले."

"कधी?"

"रात्रीतून. सकाळी उठलो, चष्मा लावला, काहीच दिसेना. तुझ्या आईने ओली पट्टी ठेवलीय."

"बाबा, तुम्ही माझा चष्मा लावलाय."

मग बाबांचा आवाज फोनपासून लांब गेला. "अगं, काढ ती पट्टी. गेले नाहीत. हिच्याकडे आहेत."

सुटका झाल्याचा आनंद त्यांना साधारण दोन सेकंद मिळाला. मग त्यांना आठवलं की आज डेपोत डोळ्यांची तपासणी आहे. बाबा बावीस वर्षं बस चालवत होते. ड्रायव्हरांचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा येत आणि तीनला उठत. तीनला म्हणजे तीनला. एकदा एका ड्रायव्हरचा एक डोळा तपासून झाला आणि तीन वाजले, तर दुसऱ्या डोळ्यासाठी तो महिनाभर घरी बसला होता. बाबांच्या दोन तारखा आधीच चुकल्या होत्या. पहिलीला ते चष्म्यावर बसले, दुसरीला नवा चष्मा तयार नव्हता. दुसऱ्यांदा साहेबांनी लेखी दिलं होतं: तिसरी चुकली तर चाकावरून खाली, आणि पुढची नोकरी गाड्यांच्या धुलाईत, पाण्याचा पाइप धरून.

"कुणाबरोबर पाठवू का चष्मा?" मुंगीने विचारलं. "एखाद्या ड्रायव्हरकाकांबरोबर?"

"नको. मागे मी एकाबरोबर स्वेटर पाठवला होता, तो अजून फिरतोय. तूच ये. साडेदहाची थेट गाडी आहे, एकपर्यंत पोचशील. डोळ्यांत तेल घालून..." बाबा थांबले. "म्हणजे, नीट ये."

मग मुंगीच्या फोनने मान टाकली. रात्री चार्जिंगला लावलेला फोन बाबांचा होता, हे तिला आता कळलं.

स्टँडवर दहा-बारा बस उभ्या होत्या, म्हणजे दहा-बारा रंगीत ठोकळे होते. बाकावरच्या एका आजोबांना तिने विचारलं, "आजोबा, ही समोरची गाडी कुठली?"

त्यांनी पाटीकडे खूप वेळ बघितलं. "तुला कुठे जायचंय?"

तिने सांगितलं.

"मग हीच," आजोबा म्हणाले.

त्यांचाही चष्मा घरी होता. पण पोरीने विचारलं आणि आपण माहीत नाही म्हणालो, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं, आणि ते आज सुरू करावं असं त्यांना वाटलं नाही.

तासाभराने कंडक्टर तिच्यापर्यंत आला. तिकीट मागितल्यावर त्याने तिला दोनदा गावाचं नाव विचारलं.

"ही तिकडे जात नाही," तो म्हणाला. "कधी गेली नाही. पुढे जाईल असंही वाटत नाही."

मुंगी सीटवरून अर्धवट उठली. "मग कुठे जाते?"

"भलतीकडेच. पाटी नाही वाचलीस? एवढी मोठी पाटी."

"मला बससुद्धा अंदाजानेच दिसली, काका."

तिने सगळं सांगितलं. डोळे, डेपो, तीन, पाइप. कंडक्टर ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत असावा, पण ते तिला दिसणं शक्य नव्हतं. त्याने फक्त घंटी वाजवली. बस थांबली, आणि तो तिला घेऊन खाली उतरला. "हा फाटा. समोरचा मोठा रस्ता सरळ तुझ्या गावाला जातो. येईल त्या गाडीला हात कर. गाडीत बाईमाणूस असेल तरच बस."

"दिसलं तर," मुंगी म्हणाली.

बस गेली. पावणेबारा झाले होते.

मुंगीने हात करायला सुरुवात केली. एक मोठी गाडी लांबवर दिसत होती, तिला तिने दोन्ही हात केले, उड्या मारल्या, शेवटी हात जोडले. पाच मिनिटं झाली तरी ती जवळ येईना, तेव्हा तिला शंका आली. ती पाण्याची टाकी होती. त्या नादात खऱ्या तीन गाड्या मागून निघून गेल्या. दिवसात अशी पाच मिनिटं किती असतात आणि त्यांतली किती आपण टाकीला देऊ शकतो, याचा हिशेब तिने मनातल्या मनात केला, आणि तिला रडू येऊ लागलं.

मग एक छोटी मोटार आली. इतकी सावकाश आली की मुंगीला तीही टाकीच वाटली. पण ती येऊन थांबली, आणि आतून एक करडा बायकी आवाज आला, "काय गं, शाळा बुडवून इथे काय करतेस?"

मोटार ड्रायव्हिंग स्कूलची होती. चाकावर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, पासष्टीच्या, आणि तो त्यांचा सहावा धडा होता. शेजारी शिकवणारा मास्तर बसला होता. तो लहानपणी याच बाईंच्या शाळेत होता. त्यामुळे गाडीत नेमकं कोण कोणाला शिकवतंय हे सहा धड्यांत ठरलं नव्हतं.

मुंगीने मागे बसून पुन्हा सगळं सांगितलं.

"आजचा धडा इथपर्यंतच आहे, बाई," मास्तर म्हणाला. "इथून वळायचं."

"मग सातवा धडा आत्ता घे," बाई म्हणाल्या आणि गाडी सरळ सोडली.

सरळ म्हणजे तिसाच्या वेगाने. मुंगी दर दोन मिनिटांनी वेळ विचारत होती. सव्वाबारा. बारा वीस. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला, वर वळून बघूनही गेला. तिने चष्मा डबीतून काढून हातात घट्ट धरला. डबीत तो सुरक्षित आहे हे तिला माहीत होतं, पण धरल्याशिवाय जीव शांत होईना.

"बावीस वर्षं चाकावर," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "आणि पाइप धरायचा." असं म्हणून त्यांनी पाय दाबला.

गाडी चाळीस झाली, साठ झाली. मास्तर दोन्ही हातांनी सीट धरून म्हणाला, "बाई, पुढे गतिरोधक आहे."

"दिसतोय मला. या गाडीत तेवढं मलाच दिसतंय."

"बाई, तो जवळ आलाय."

मास्तरच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक होता, अशाच प्रसंगासाठी. त्याने तो दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, बाकी सगळं पुढे गेलं. मुंगीच्या हातातला चष्मा बाईंच्या कानाजवळून उडाला, समोरच्या काचेवर आपटला आणि खाली पडला.

"ब्रेक कोणी दाबला?" बाईंनी विचारलं.

"मी, बाई."

"विचारून दाबला का?"

मुंगी खाली वाकून चाचपत होती. फ्रेम मिळाली. ती दोन्हीकडून उघडी होती. एक काच मास्तरच्या बुटाजवळ, एक बाईंच्या पायाखालच्या पेडलजवळ. काचा शाबूत होत्या, पण त्या धरून ठेवणारे दोन बारीक स्क्रू कुठेच नव्हते. तिघांनी मिळून पंधरा मिनिटं शोधले. मास्तर तर गाडीखालीही जाऊन आला.

"पुढच्या गावात घड्याळवाला आहे," शेवटी बाई म्हणाल्या. "माझाच विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण हात स्थिर."

घड्याळवाल्याच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं. "किती वाजले हो, काका?" मुंगीने विचारलं.

"कुठल्यात?" तो म्हणाला. मग तिच्या आवाजावरून त्याच्या लक्षात आलं असावं, आणि त्याने स्वतःचं मनगट बघितलं. "दीड वाजत आला."

बाई आणि मास्तर उंबऱ्यात उभे राहिले. इथून पुढे चढाचा घाट होता, आणि घाट दहाव्या धड्यात होता. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, डब्यातून चिमट्याने दोन स्क्रू उचलले, आणि थांबला.

"जाड काच कुठल्या बाजूला?"

मुंगीने बोटांनी फ्रेम चाचपली. फ्रेम चक्क गोल होती. कुठलीही काच कुठेही बसत होती. बाबांचा एक डोळा जास्त खराब आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण कुठला? सोळा वर्षं ती रोज तो चेहरा बघत होती, परीक्षेत जीवशास्त्राच्या पेपरात डोळ्याची आकृती काढून सहापैकी सहा मिळवून आली होती, आणि तिला स्वतःच्या बापाचा डोळा सांगता येत नव्हता.

"फोन देता का?" ती म्हणाली. आईचा नंबर तिला पाठ होता. दरवर्षी शाळेच्या डायरीत तोच लिहावा लागे.

आई डेपोतच होती, बाबांना हाताला धरून नेलं होतं. "कुठे आहेस तू?" तिने फोन उचलताच विचारलं.

"घड्याळाच्या दुकानात. आई, बाबांचा जास्त खराब डोळा कुठला?"

"घड्याळाच्या दुकानात काय..."

"आई, डोळा."

"डावा. माझ्या समोरच बसलेत की. डावा अर्धा मिटलेला असतो, वीस वर्षं बघतेय."

"नक्की ना?"

"नवरा माझा आहे," आई म्हणाली. "आत फक्त चार जण उरलेत, लवकर ये."

घड्याळवाल्याने जाड काच डावीकडे बसवली, स्क्रू पिळले, चष्मा डबीत घालून डबीला रबर लावलं. मग रस्त्यावर जाऊन त्याने एक गाडी अडवली. "हा माझा मित्र. रोज इथून जातो. याला रस्त्यात कुणी अडवत नाही, तू वेळेत पोचशील."

गाडी लांब आणि पांढरी होती. पुढच्या सीटवर सुटे भाग ठेवलेले होते, म्हणून मुंगीला मागे बसायला लागलं. आत एक अरुंद बाक होता, आणि मध्ये जमिनीवर लांबच लांब पत्र्याचा ट्रे. सामानाची गाडी दिसतेय, असं तिला वाटलं. बाईंनी बाहेरून बजावलं, "पोचल्यावर कळव. आणि निबंध लिही यावर."

घाट भरभर सरला. ड्रायव्हर एका छोट्या खिडकीतून बोलत होता. समोरच्या गाड्या बाजूला होत होत्या, हे मुंगीला हॉर्न न वाजताच रस्ता मोकळा होत गेल्यावरून कळलं.

"काका, सगळे बाजूला का होतायत?"

"मान देतात."

"तुम्हाला?"

"छे. मागच्याला."

मुंगीने इकडेतिकडे बघितलं. "मागे कोण आहे?"

"आत्ता तूच," ड्रायव्हर म्हणाला. "एरवी झोपून येतात. शववाहिका आहे ही, बाहेर लिहिलंय ना मोठ्या अक्षरांत."

मुंगीने दोन्ही पाय बाकावर घेतले.

"जरा लवकर चला ना, काका," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तीनच्या आत पोचायचंय."

ड्रायव्हरने गाडीचा वेग वाढवला. "एकोणीस वर्षांत," तो हळूच म्हणाला, "हे मला पहिल्यांदाच कुणी म्हटलं."

एका चौकात पोलिसाने उरलेली सगळी वाहतूक रोखून त्यांना वाट करून दिली. कुणीतरी आपल्यासाठी एवढं केलं, हे पाहून मुंगीने मागच्या काचेतून त्याला हात हलवला. ती चांगल्या संस्कारांतली होती. पोलीस खाली बसला. त्यांच्या मागून येणारा मोटारसायकलवाला सरळ वाळूच्या ढिगात गेला. वाळू मऊ होती, एवढंच त्याचं नशीब.

डेपोच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा तीनला आठ मिनिटं होती. रखवालदाराने टोपी काढली. "कोण गेलं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"मी आले," मुंगी म्हणाली आणि उडी मारून पळाली. मागे काय झालं ते बघायला ती थांबली नाही. थांबली असती तरी दिसलं नसतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळा खाकी रंग भरला होता. आपली तपासणी उरकलेले ड्रायव्हर अजून गप्पा मारत उभे होते. तिला बाबांच्या उंचीचा, बाबांच्या जाडीचा एक खाकी आकार दिसला. तिने डबी उघडून चष्मा त्याच्या हातात ठेवला. त्याने तो मुकाट्याने लावला.

"पोरी," आकार म्हणाला, "मला चष्मा नाही." मग विचार करून म्हणाला, "मुलगीही नाही."

तिने चष्मा हिसकावून घेतला आणि जोरात हाक मारली, "बाबा."

अकरा जण वळले.

बारावे बाबा तिकडच्या टोकाला बाकावर होते. आई आत डॉक्टरीणबाईंची समजूत काढायला गेली होती. हाक ऐकून बाबा उठले, आवाजाच्या दिशेने निघाले, आणि मुंगीच्या अगदी जवळून पुढे गेले. तीही त्यांना ओलांडून बाकापर्यंत गेली. बाक रिकामा होता. "मुंगे," बाबा त्या टोकावरून म्हणाले. "बाबा," ती या टोकावरून म्हणाली. दोघं पुन्हा निघाले आणि पुन्हा चुकले. शेवटी व्हरांडा पुसणाऱ्या मावशींनी बादली खाली ठेवली, एका हाताने बाबांना धरलं, एका हाताने तिला धरलं आणि दोन्ही हात एकत्र आणले. "घ्या," त्या म्हणाल्या. "आणि जा आत. मला फरशी पुसायचीय."

आत औषधाचा वास होता. आई भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टरीणबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "डावा झाका. उजव्याने वाचा."

बाबांनी चष्मा लावला, डावा डोळा झाकला.

बाबा वाचत नव्हते.

"वरून सुरू करा," बाई म्हणाल्या.

"वर एक मोठं अक्षर आहे," बाबा म्हणाले. बावीस वर्षांत कधी नव्हता इतका त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आहे, एवढं नक्की."

"दुसरा."

दुसऱ्याने तर अक्षर आहे हेही दिसेना. बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "चष्मा तुमचाच ना?"

"माझाच," बाबा म्हणाले. मग हळूच, "मग खरंच गेले वाटतं डोळे." त्यांनी हात मांडीवर ठेवले, पाइप आत्ताच हातात दिल्यासारखे. बाईंचं पेन कागदाच्या शेवटच्या रकान्यावर टेकलं.

मुंगी एकदम पुढे झाली. "आई, डावा म्हणजे कुणाचा डावा?"

"कुणाचा म्हणजे?"

"त्यांचा डावा, की तुझ्या डावीकडचा?"

आईने बाबांकडे बघून एक हात वर केला. विचार केला. मग ती चालत जाऊन बाबांच्या शेजारी, ते बसले होते त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली, आणि पुन्हा हात वर केला. आता तो दुसरा हात होता.

"अगंबाई," आई म्हणाली. "वीस वर्षं."

इथे ना चिमटा होता, ना घड्याळवाला. मुंगीने बाबांच्या नाकावरचा चष्मा काढला, उलटा केला, काड्यांची टोकं आभाळाकडे करून परत नाकावर ठेवला. गोल फ्रेमला वर काय आणि खाली काय. उजवी काच डावीकडे आली, डावी उजवीकडे. नाकाचा आधार मात्र गेला, म्हणून बाबांना तो दोन्ही हातांनी धरावा लागला. डोळा झाकायला हात उरला नाही, तो आईने झाकला. कुठला झाकायचा, हे या वेळी डॉक्टरीणबाईंनी उठून, बोट ठेवून दाखवलं.

बाबा वाचू लागले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीवर ते वळणावर बस घ्यावी तसे सावकाश झाले, पण गाडी कुठे घासली नाही. मग आईने दुसरा डोळा झाकला आणि ते सगळं पुन्हा पहिल्यापासून. खोलीत फक्त त्यांचा आवाज होता, एकेक अक्षर, आणि प्रत्येक अक्षराबरोबर तो थोडा थोडा मोठा होत होता.

बाईंनी लिहिलं. लिहिताना मोठ्याने म्हणाल्या, "चष्मा लावून योग्य." मग पेन उचललं. "कसा लावून, याला रकाना नाही. पण चाकाला हात लावायच्या आधी काचा जागेवर बसवून मला आणून दाखवायचा. मी सही आत्ता करतेय, शिक्का तेव्हा."

"तुम्ही थांबाल?" बाबांनी विचारलं.

"कोपऱ्यावर दुकान आहे. पळा."

बाबा आईचा हात धरून निघाले. दारातून त्यांनी खिशातला चष्मा काढून मुंगीच्या हातात दिला. तिचा चष्मा. काचांवर बाबांच्या बोटांचे ठसे होते, ते तिने पुसले नाहीत. तसाच लावला.

सकाळपासून पहिल्यांदा गोष्टींना कडा आल्या. टेबल, कागद, अक्षरांची पाटी, आणि पाटीच्या वर भिंतीवरचं घड्याळ. त्यात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

मुंगीने वळून डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या पेनाचं टोपण लावत होत्या.

"त्या घड्याळाकडे बघू नकोस," त्या म्हणाल्या. "ते पुढे आहे."

मुंगीने त्यांच्या मनगटावर बघितलं. तेही बरोबर तेवढंच पुढे होतं.